पद्मिनीची वायरिंग: आधी मोजा, मग पाना उचला

पार्ल्यात, दादरच्या हिंदू कॉलनीत, गिरगावातल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या मागच्या अंगणात अजूनही कापडी कव्हराखाली एखादी पद्मिनी उभी असते. मालक सत्तरीपलीकडचे. गाडी विकायची नाही, यावर ठाम. तक्रारी मात्र ठरलेल्या: सेल्फ लागत नाही, दिवे मंद झालेत, नवी बॅटरी घातली तरी आठवड्यात उतरते. मग घरातला किंवा शेजारचा, पाना धरता येणारा कुणीतरी पुढे होतो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून आधी फियाट ११०० आली, १९६४ च्या सुमारास ११०० डिलाइट आली, आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. २००० च्या आसपास उत्पादन थांबलं. तरी पुढची वीस-एक वर्षं सुट्या भागांची फारशी ददात पडली नाही, कारण काळी-पिवळी टॅक्सी हीच गाडी होती. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेल्या आणि त्यांच्या जिवावर चालणारे नाक्यानाक्यावरचे ऑटो इलेक्ट्रिशियनही पांगले. जे उरलेत त्यांतले काही खरोखर उत्तम आहेत. पण 'सगळी वायरिंगच बदलू, नवीन किट टाकू' म्हणणारेही बरेच भेटतील. घाई करू नका. जुन्या गाडीच्या विजेच्या बहुतेक कटकटी वायरींत नसतात. त्या जोडांत, थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीत) आणि अर्थिंगमध्ये असतात. नव्या किटाआधी मल्टीमीटर लावून एक सकाळ खर्च केली, तर निम्म्याहून जास्त काम तिथेच आटोपतं.

मालकांशी बोलणं तपासणीतच धरा

बॉनेट उघडण्याआधी त्यांच्याबरोबर चहा घ्या आणि विचारा. गाडी शेवटची धड कधी चालली? त्यानंतर हात कुणी लावला? बॅटरी कोणत्या साली घेतली? टेप, फॉगलॅम्प, रिव्हर्सचं गाणं वाजवणारं यंत्र हे सगळं कधी बसवलं? यातल्या प्रत्येक वस्तूसाठी कुणीतरी मूळ वायर सोलून, नवी तार पिळून, वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. बिघाड शोधायचा नकाशा त्यांच्या बोलण्यातूनच तयार होतो.

गाडी कधी पाण्यात उभी होती का, हेही विचारा. मुंबईत या प्रश्नाला 'सव्वीस जुलै' हे उत्तर आलं, तर कान टवकारा. २००५ च्या त्या पाण्यात बुडालेल्या गाडीची वायर वरून ठीक दिसते, पण टोकातून शिरलेलं पाणी इन्सुलेशनच्या आत लांबवर जातं आणि तांबं काळं पडतं. अशा वायरीला नवी थिंबल दाबून उपयोग नाही. लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जावं लागतं, आणि ते लागलंच नाही तर ती वायर टोकापासून टोकापर्यंत बदलायची.

आणखी एक भानगड म्हणजे चोरस्विच. गाडी कुणी पळवू नये म्हणून ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलच्या वायरीत गुपचूप एक बटण टाकून घ्यायची तेव्हा पद्धत होती.

"काका, स्टिअरिंगखाली हे बटण कशाचं?"

"ते होय! ते खाली असलं की गाडी सुरूच होत नाही. ड्रायव्हर परस्पर चक्कर मारून यायचा ना, म्हणून बसवलेलं."

पाय लागून ते बटण अर्धवट सरकतं, आतला संपर्क गंजतो, आणि गाडी माहीमच्या सिग्नलला ठिणगीविना बंद पडते. मेकॅनिक कार्बुरेटर उघडून बसतो. चोरस्विच असेल तर मालकांच्या संमतीने काढून टाका, त्या जागी एकसंध वायर घाला.

याच बैठकीत एक गोष्ट कबूल करून घ्या आणि कबूलही करा: दिव्यांचं, वायपरचं, हॉर्नचं कुठलंही बटण जागचं हलणार नाही. पन्नास वर्षं एकाच जागी जाणारा हात अंधारात, पावसात, मागून बेस्टची बस हॉर्न मारत असताना नवी जागा शोधत बसणार नाही. तुमच्या सोयीसाठी बसवलेलं चकचकीत स्विचपॅनल त्यांच्यासाठी धोक्याचं आहे.

हत्यारं आणि सामान

लॅमिंग्टन रोडवर साधा डिजिटल मल्टीमीटर मिळतो. त्यात १० अँपिअरपर्यंत करंट मोजायची सोय हवी. टेस्ट लॅम्प घरीच करा: पार्किंगचा १२ व्होल्ट ५ वॉटचा बल्ब, होल्डर, दोन लांब वायरी, टोकांना मगरक्लिपा. थिंबल दाबायची पक्कड बरी घ्या, इथे काटकसर नको. उष्णतेने आवळणारी स्लीव्ह आतून गोंद असलेली घ्या, कारण आपल्या हवेत साधी स्लीव्ह ओल अडवत नाही. बारीक पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, पेट्रोलियम जेली, खायचा सोडा, मास्किंग टेप, मार्कर.

सुटे भाग ऑपेरा हाउसच्या मोटारपार्टच्या दुकानांत विचारा. तिथे नसेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या भंगारात जुने होल्डर, स्विच, कटआउट (चार्जिंग आवरणारी डबी) मिळू शकतात. जुना पितळी होल्डर साफ करून वापरणं हे नव्या पत्र्याच्या नकलेपेक्षा बहुधा चांगलं ठरतं. चोरबाजारात शोभेच्या वस्तू मिळतील. विजेच्या भागांसाठी मी तिकडे जाणार नाही.

वायर गाडीचीच घ्या, बारीक तारांची, लवचिक. घरच्या वायरिंगची जाड एकतारी वायर गाडीच्या थरथरीने तुटते. पार्किंग आणि डॅशबोर्डच्या दिव्यांना १ चौरस मिलिमीटर, हॉर्नला दीड, हेडलाइटला अडीच. बॅटरीच्या मुख्य केबल २५ ते ३५ च्या.

हात घालण्याआधी

अंगठी आणि घड्याळ काढा. बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागलेला पाना आणि पत्रा यांच्या मध्ये अंगठी आली, तर ती क्षणात लाल होते आणि बोट भाजतं. पावडरचा १ किलोचा अग्निशामक हाताशी ठेवा, कारण जुन्या गाडीच्या बॉनेटखाली पेट्रोलचा वास थोडाफार असतोच. पेट्रोल कुठे झिरपत असेल तर आधी ते बंद करा, विजेचं काम नंतर.

बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पण त्याहीआधी पाहा की पत्र्याला कोणतं टोक जोडलंय. फियाट आणि पद्मिनीत निगेटिव्ह अर्थ असतो. त्याच इमारतीत उभी असलेली जुनी मॉरिस किंवा सुरुवातीची अॅम्बॅसॅडर मात्र पॉझिटिव्ह अर्थची असू शकते, आणि तिच्यावर हा लेख जसाच्या तसा चालवलात तर टेप तरी जळेल.

मग फोटो. फ्यूज बॉक्स, कटआउट, कॉइल, डॅशबोर्डची मागची बाजू, सगळ्याचे. सुटणाऱ्या प्रत्येक वायरीला मास्किंग टेपची चिठ्ठी लावा. पन्नास वर्षांच्या धुरा-धुळीने वायरींचे रंग एकसारखे तपकिरी झालेले असतात, त्यामुळे 'निळी इथे, पिवळी तिथे' या आठवणीवर विसंबू नका.

पहिली पायरी: बॅटरी

गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी काहीही न लावता बॅटरीच्या दोन शिशाच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरलेल्या बॅटरीवर पुढची एकही तपासणी करू नका. आधी बाहेरून चार्ज करा.

मग सेल्फ मारताना मोजा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची बारीक वायर सोडून तिला टेप लावा. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, पाच-सात सेकंद, त्याहून जास्त नाही. व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. ९.६ च्या वर आहे आणि तरी सेल्फ रडतखडत फिरतोय, तर वीज वाटेत कुठेतरी हरवते आहे.

टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या पाण्याने धुवा, झाकणांतून ते पाणी आत जाऊ देऊ नका. शिशाचं टोक आणि क्लॅम्पची आतली बाजू चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा.

दुसरी पायरी: अर्थिंग. इथे वेळ काढा

जुन्या गाडीत प्रत्येक दिव्याला वायर एकच जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. पत्र्यावर रंग चढला, त्याखाली गंज धरला, स्क्रू सैल झाला की परतीचा रस्ता अरुंद होतो. गच्चीवरची टाकी भरलेली असते, पण गंजलेल्या पाइपामुळे नळाला करंगळीएवढी धार येते, तसं. बॅटरी बदलून, म्हणजे टाकी मोठी करून, काही होत नाही.

हे मोजायचं असतं, डोळ्यांनी दिसत नाही. मीटर व्होल्टवर ठेवा. एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह शिशावर, क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशावर. दुसरी इंजिनच्या घासलेल्या, स्वच्छ धातूवर. सेल्फ मारा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. मग हीच काडी इंजिनवरून काढून बॉडीच्या पत्र्यावर टेकवा आणि हेडलाइट लावून मोजा. त्यानंतर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या मोठ्या टोकापर्यंत, पुन्हा सेल्फ मारत: इथे ०.५ च्या आत. जिथे आकडा फुगतो तिथे काडी इंचाइंचाने पुढे सरकवा. केबलवर ०.१ आणि थिंबलच्या पलीकडे ०.९ आलं, तर चोर सापडला.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे पत्र्यापासून विजेच्या दृष्टीने तुटलेलंच असतं. त्याला बॉडीशी जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी असते. इंजिन उतरवून पुन्हा बसवताना ही पट्टी सोडून द्यायची खोड अनेक गॅरेजना असते; ती नसली तरी गाडी सुरू होते ना! होते, कारण सेल्फचा शेकडो अँपिअर करंट मग चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. चोकची मुठी सेल्फ मारल्यावर कोमट लागत असेल, तर दुसरं काही पाहू नका, गाडीखाली जाऊन ती पट्टी आहे का बघा.

पट्टी असली तरी उघडा. बोल्ट सोडला की थिंबलखाली सहसा असं दिसतं: कडेला चमकदार अंगठीएवढी रेघ, मध्ये हिरवी भुकटी, आणि पत्र्यावर नंतर मारलेल्या रंगाचा शाबूत थर. नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो. म्हणजे इतकी वर्षं सगळा करंट बोल्टच्या आट्यांतून जात होता. रंग पूर्ण घासून पत्रा पांढरा करा, थिंबलची दोन्ही अंगं घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि आवळून झाल्यावर बाहेरून जेली किंवा रंग लावून ओल बंद करा. हाच विधी मागच्या दिव्यांच्या, पुढच्या दिव्यांच्या आणि पेट्रोलच्या टाकीच्या अर्थला करा. ब्रेक दाबल्यावर मागचा पार्किंग दिवा मंद होणं, इंडिकेटर लावला की शेजारचा ब्रेकदिवाही लुकलुकणं, पेट्रोलचा काटा मनाला येईल तिथे उभा राहणं, या तिन्ही 'गूढ' तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

तिसरी पायरी: उभ्या गाडीतली गळती

सगळे दिवे बंद, दारं बंद, किल्ली काढलेली. निगेटिव्ह केबल सोडा आणि केबल व बॅटरीचं टोक यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडा. दिवा लागला तर गळती आहे. ५ वॉटचा बल्ब पूर्ण उजळला तर सुमारे ०.४ अँपिअर जातोय, म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास. ४० च्या बॅटरीला चार दिवस पुरे.

आता एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजला दिवा विझला, त्या वाटेवर शोधा. टेप, घड्याळ, डिकीचा दिवा, अडकलेला ब्रेकस्विच हे नेहमीचे संशयित. एकही फ्यूज काढून दिवा विझला नाही, तर फ्यूजमधून न जाणाऱ्या वायरीकडे वळा, म्हणजे कटआउट किंवा अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र). अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला की तो रात्रभर उलटा करंट पितो.

दिवा लागला नाही तर मीटर मिलिअँपिअरवर घेऊन नेमका आकडा पाहा. इलेक्ट्रॉनिक काही नसलेल्या मूळ पद्मिनीत तो जवळपास शून्य हवा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

फ्यूज बॉक्स

फियाटचे फ्यूज गोळीच्या आकाराचे, दोन्ही टोकं निमुळती, अंग रंगीत, बाहेरून धातूची पट्टी. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा, निळा २५ चा. गोम अशी की हा फ्यूज फक्त टोकांच्या दाबावर धरलेला असतो. पितळी पत्ती सैल पडते, टोक काळं होतं, तिथे उष्णता तयार होते, आणि फ्यूज 'गेलेला' नसतानाही पलीकडे १० व्होल्टच पोचतात. सगळे फ्यूज काढून नवे घाला, ते स्वस्त असतात. पत्त्या घासा, पक्कडीने हलकेच आत वाकवा. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला फ्यूज मिळाला तर तो कुणी, कधी आणि कशामुळे लावला याचं उत्तर सापडेपर्यंत त्या वाटेला वीज देऊ नका.

या गाड्यांत इग्निशनच्या आणि चार्जिंगच्या वायरींना फ्यूज नसतोच. बॅटरीजवळ चार्जिंगच्या वायरीत योग्य क्षमतेचा एक मुख्य फ्यूज बसवणं हा मी सुचवीन अशा मोजक्या बदलांपैकी एक.

चौथी पायरी: चार्जिंग

तुमच्या गाडीत डायनॅमो (चार्जिंगचं जुन्या पद्धतीचं यंत्र) आहे की अल्टरनेटर, ते पाहून घ्या. जुन्या गाड्यांत डायनॅमो, नंतरच्या किंवा नंतर बदललेल्या गाड्यांत अल्टरनेटर.

अल्टरनेटर सोपा. इंजिन थोडं चढवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले की ठीक. १४.८ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरीचं पाणी आटतंय. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून 'बघू चालते का' हा प्रयोग कुणी सुचवला, तर त्याला थांबवा, डायोड उडतात.

डायनॅमोला मात्र समजून घ्यावं लागतं. तो इंजिन सावकाश चालत असताना चार्जच करत नाही. सिग्नलला लाल दिवा मिणमिणला तर तो बिघाड नाही, स्वभाव आहे, आणि हे मालकांना आधीच ठाऊक असतं. घाबरतो तो त्यांचा नातू. वेग दिला की दिवा विझला पाहिजे. विझत नसेल तर आधी पट्टा पाहा, मग डायनॅमोचे कार्बन ब्रश, मग कटआउट. ल्युकास पद्धतीच्या डायनॅमोवर डी आणि एफ अशी दोन टोकं असतात. दोन्ही वायरी काढून टोकं एकमेकांना जोडा, तिथून अर्थपर्यंत मीटर लावा, इंजिन अगदी हळू चढवा. व्होल्टेज सरळ वर चढत गेलं तर डायनॅमो जिवंत आहे आणि दोष कटआउटमध्ये किंवा मधल्या वायरींत. एकदा चढलेलं दिसलं की लगेच थांबा, जोरात रेस देऊ नका.

कटआउटचं झाकण उघडून पत्त्या वाकवत बसणं हे काम मात्र ज्याने ते आयुष्यभर केलंय त्याच्याकडे न्या. असा माणूस शोधायला वेळ लागला तरी चालेल.

पाचवी पायरी: वायरी

इथपर्यंत आल्यावर किती वायरिंग खरोखर बदलायची ते स्पष्ट होतं. वायर वाकवा: इन्सुलेशन तडकलं किंवा बिस्किटासारखं तुटलं तर ती वायर गेली. इंजिनजवळच्या, डायनॅमोकडे जाणाऱ्या आणि डिकीच्या बिजागरीपाशी सतत वाकणाऱ्या वायरी आधी जातात. केबिनमधल्या, पाणी न लागलेल्या वायरी बहुधा शाबूत असतात, त्यांना उगाच हात लावू नका.

बदलताना एका वेळी एकच वाट घ्या. हॉर्न पूर्ण करा, वाजवून पाहा, मगच पुढच्या वायरीला हात. सगळं एकदम उसकटून ठेवलं आणि मध्येच तुमची सुट्टी संपली, तर गाडी पुढचे सहा महिने तशीच राहते.

जोड दाबून करा, डाग देऊन (सोल्डर करून) नको. डाग दिलेली वायर जोडापाशी कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं, हवंच. पिळून टेप लावलेले जोड दिसतील तिथे कापून टाका. आपल्या दमट हवेत त्या टेपचा गोंद ओघळतो आणि टेप सुटतो.

गाडी पन्नास वर्षांपलीकडची असेल आणि मालकांना २०२१ च्या केंद्रीय नियमांखाली व्हिंटेज म्हणून, म्हणजे व्हीए मालिकेत, नोंदवायची असेल, तर मूळ स्वरूपात मोठे बदल चालत नाहीत आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हे त्यांना सांगा. त्यासाठीही तुमचं काम असं असावं की जे जोडलं ते नंतर खूण न ठेवता काढता येईल.

हेडलाइट: इथे वयाचा विचार करा

उतारवयात डोळ्यांना त्याच रस्त्यासाठी जास्त उजेड लागतो, आणि समोरच्या दिव्याची तिरीपही जास्त बोचते. त्यामुळे 'दिवे मंद झालेत' या तक्रारीतला थोडा भाग डोळ्यांचा असला, तरी मोठा भाग गाडीचा असतो. बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १२.५ आणि होल्डरवर ११ च्या आत असेल, तर नवा बल्ब घालून पैसे वाया घालवू नका. बल्बला मिळणारं व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो.

मूळ रचनेत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि डिपरमधून फिरून येतो. उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. हायबीमला एक, लोबीमला एक. रिलेच्या ८६ ला डिपरकडून येणारी जुनी वायर, ८५ ला अर्थ, ३० ला बॅटरीवरून अडीचची नवी वायर १५ अँपिअरच्या फ्यूजमधून, ८७ वरून दिव्याकडे. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितकं बरं. जुना स्विच आता फक्त रिले ओढतो, तापत नाही, आणि बाहेरून काही बदललेलं दिसत नाही. रिले पुढच्या जाळीमागे, तोंड खाली करून बसवा, म्हणजे पावसाचं पाणी आत साचणार नाही.

बल्ब ६०/५५ वॉटच्या पुढे नेऊ नका. कायद्यात बसत नाही आणि डायनॅमोला झेपत नाही. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालायचा मोह होईल. त्या बल्बचा प्रकाश जुन्या काचेतून नीट पडत नाही. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता जेमतेम दिसतो. रिफ्लेक्टर काळवंडलेला असेल तर तो आधी बदला.

वायपर: जूनआधी दांड्यांच्या खुंट्यांना तेल द्या, घट्ट झालेल्या खुंट्या मोटर जाळतात. इंडिकेटरचा टकटक आवाज मालकांना ऐकू येत नसेल तर फ्लॅशरच्या दिव्याला समांतर छोटा बझर जोडा, हायवेवर दोन किलोमीटर इंडिकेटर चालू ठेवून जाणं थांबेल. डॅशबोर्डचे बल्ब नवे घाला. ब्रेकदिवे रोज तपासता यावेत म्हणून पार्किंगची भिंत उजळते का, ते आरशात पाहायची सवय त्यांना सांगा.

गाडी परत देताना

सगळं जोडून झाल्यावर सगळे दिवे, वायपर, हॉर्न एकत्र लावून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा. मग बंद करून फ्यूज बॉक्स, स्विचची मागची बाजू, थिंबल आणि रिले हाताने चाचपा. कोमट चालेल, चटका बसला तर जोड पुन्हा करा. चाचणीची फेरी मालकांना बरोबर घेऊन, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर. गाडी त्यांनी चालवायची, तुम्ही शेजारी बसायचं. एखादं बटण दाबायला अंगठा कमी पडतोय किंवा डिपरपर्यंत हात उशिरा पोचतोय, हे तेव्हाच कळतं.

आठवड्यात एकदाच गाडी काढणाऱ्यासाठी बॅटरीला कटऑफ स्विच सोयीचा. बॅटरीच्या टोकावरच बसणाऱ्या स्विचची फिरकीची लहान हिरवी गुंडी सांधे दुखणाऱ्या बोटांना फिरत नाही, आणि तेवढ्यासाठी बॉनेट उचलायला लावणंही बरं नाही. मोठ्या मुठीचा स्विच घ्या आणि हात सहज पोचेल अशा जागी, पत्र्याला भोक न पाडता, पट्टीवर बसवा. इंजिन चालू असताना तो फिरवायचा नाही, हे त्याच्या शेजारी ठळक लिहा.

एक कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत, लॅमिनेट करून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा: कोणता फ्यूज कशाचा, सुटे फ्यूज कुठे, रिले कुठे, बॅटरी कधी घेतली, गाडी बंद पडली तर आधी काय पाहायचं. म्हणजे रस्त्यात मदतीला आलेला अनोळखी मेकॅनिकही वायरी उपटायला सुरुवात करणार नाही. खर्चाचा हिशेब पावत्यांसकट द्या, नात्यातलं काम असलं तरी.

काढलेले जुने भाग, म्हणजे कटआउट, कॉइल, स्विच, होल्डर, एका खोक्यात भरून, प्रत्येकावर चिठ्ठी लावून मालकांच्या हवाली करा. मूळ कटआउट दुरुस्त होऊ शकतो, डायनॅमोचं आर्मेचर पुन्हा वाइंड करून मिळतं, आणि नवी नक्कल वर्षभरात गेली तर हेच खोकं उपयोगी पडेल. ते तुमच्या घरी ठेवू नका, 'भंगार आहे, मी टाकतो' म्हणूनही नेऊ नका. डिकीतही नको, तिथे ओल असते. माळ्यावर ठेवायला सांगा.